खूण, हाक आणि हात: बेसबॉलमधल्या संवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी पार्कात आमचा सराव चालतो तेव्हा कट्ट्यावर बसलेल्या आईबाबांना आणि नव्याने आलेल्या मुलामुलींना एकच कोडं पडतं: ही सगळी एकमेकांशी बोलतात तरी कधी आणि काय? मी बरीच वर्षं कॅचर म्हणून खेळले, आता मुलांना शिकवते. व्हॉट्सअ‍ॅपवर, मैदानावर आणि परतीच्या लोकलमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकदा आलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. क्रिकेटमध्ये एवढ्या खाणाखुणा नसतात. बेसबॉलमध्येच का लागतात?

पिचर 18.44 मीटरवरून फेकतो, चेंडू टप्पा न पडता थेट येतो आणि कॅचर बॅटरच्या अगदी पाठीशी उकिडवा बसलेला असतो. चेंडू सरळ येणार की शेवटच्या क्षणी खाली बुडणार, हे त्याला आधीच ठाऊक नसेल तर तो मनगटावर किंवा गळ्याशी आदळतो. म्हणून पिचर आणि कॅचरचं आधी ठरलेलं असणं ही डावपेचाइतकीच अंग सांभाळण्याची गोष्ट आहे. आणि मध्ये बॅटर उभा, त्यामुळे तोंडाने बोलायची सोय नाही. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची जुनी रीत ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच कळेल. व्यवहार चारचौघांत, पण आकडा दोघांनाच ठाऊक.

शिवाय बेसवर (धावत गाठायच्या चार ठिकाणांवर) रनर असतात. पळायचं की थांबायचं, बॅटरने मारायचं की सोडायचं, हे प्रत्येक चेंडूआधी नव्याने ठरतं आणि विरुद्ध संघाच्या देखत कळवावं लागतं (प्रश्न 9).

2. कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून काय सांगतो?

कोणता चेंडू टाकायचा ते. बहुतेक संघांत एक बोट म्हणजे फास्टबॉल (वेगवान), दोन म्हणजे कर्व्ह (वळून खाली बुडणारा), तीन म्हणजे स्लायडर (बाजूला सरकणारा) आणि चार बोटं वळवळवली की चेंजअप (फसवा, मंद). त्यानंतर मांडीच्या आतल्या बाजूला डावीकडे किंवा उजवीकडे हलकी थाप, म्हणजे चेंडू कोणत्या बाजूला हवा ते. हे क्रम कुठल्या नियमात लिहिलेले नाहीत. प्रत्येक संघ आपले ठरवतो आणि बदलतो.

नव्या कॅचरची चूक बोटांत नसते, कोपरात असते. बोटं बदलताना कोपर हललं की बेसजवळ उभा असलेला विरुद्ध संघाचा कोच खूण ओळखतो. हात मांडीच्या खाली लोंबला की मागून दिसतो. म्हणून हात पोटाशी, मांडीच्या सांध्यात घट्ट दाबायचा, मिट (कॅचरचा जाड ग्लव्ह) डाव्या गुडघ्यापुढे धरून थर्ड बेसची बाजू झाकायची आणि फक्त बोटं हलवायची. मी मुलांना भिंतीकडे पाठ करून बसवते आणि बाजूला उभं राहून विचारते, "आता काय दाखवलंस?" मला सांगता आलं, तर बैठक चुकली.

3. पिचर कधी मान हलवतो, कधी डोलावतो. तो नकार देऊ शकतो का?

हो. मान आडवी हलली की "दुसरं सांग", खाली झुकली की "कबूल". ही मान डोलावणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. खूण दाखवून कॅचरचं अर्धं काम होतं, मान डोलली की उरलेलं. काही पिचर मुद्दाम खोटी मान हलवतात, बॅटरला वाटावं की बेत बदलला. नियम एवढाच, की पिचरने खूण रबरला (फेकण्याच्या जागेवरच्या पट्टीला) पाय लावून उभं राहूनच घ्यायची.

4. मुलीला नखं रंगवून यायला सांगितलंत. शाळेत नेलपॉलिश चालत नाही. खरंच गरज आहे का?

संध्याकाळी सहानंतर आहे. पार्कातली झाडांची सावली लांबली की अठरा मीटरवरून एक बोट की दोन हे पिचरला दिसत नाही. मोठ्या स्पर्धांतले पुरुष कॅचरसुद्धा नखांना पांढरा किंवा भडक रंग लावतात, नाहीतर स्टिकर चिकटवतात. शाळेची अडचण असेल तर बोटांच्या टोकांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळा, मैदानातून निघताना काढून टाका. मुलग्यांनाही हेच लागू.

5. अंपायरचे हातवारे क्रिकेटपेक्षा उलटे का वाटतात?

कारण तेच हात इथे वेगळं बोलतात. दोन्ही हात आडवे पसरले की क्रिकेटमध्ये वाइड, इथे "सेफ". एक बोट वर गेलं की तिथे फलंदाज बाद. इथे आउटसाठी मूठ असते आणि वर केलेलं एक बोट म्हणजे इनफिल्ड फ्लाय (बेसवर रनर असताना जवळच उंच उडालेला सोपा झेल, ज्यावर बॅटर आपोआप बाद). दोन्ही हात डोक्यावर गेले की तिथे षटकार, इथे फाउल (चेंडू रेषेबाहेर) किंवा "थांबा". एका रविवारी एक आजोबा नातवाच्या प्रत्येक फाउलला उभे राहून टाळ्या वाजवत होते. नातू बिचारा वळून वळून बघत होता. डावाच्या मध्यंतरात मी त्यांच्याशेजारी बसले आणि चार खुणा दाखवल्या. पुढच्या आठवड्यात तेच कट्ट्यावरच्या इतरांना शिकवत होते.

आणखी एक बारकावा. फाउल झाला तर अंपायर हात वर करून मोठ्याने ओरडतो. चेंडू फेअर (रेषेच्या आत) असेल तर तोंडातून अक्षर काढत नाही, फक्त मैदानाच्या आत बोट दाखवतो. "फेअर" आणि "फाउल" दोन्ही "फ"ने सुरू होतात. धावपळीत पहिलंच अक्षर ऐकून खेळाडू थांबला तर घोळ होतो. म्हणून एकासाठी आवाज, दुसऱ्यासाठी मौन. ही शहाणी योजना आहे आणि आपल्याला ती प्रश्न 6 मध्ये लागणार आहे.

बॅटरने बॅट अर्धवट फिरवली असेल तर होम प्लेटचा (बॅटर उभा असतो त्या शेवटच्या बेसचा) अंपायर पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवरच्या साथीदाराकडे बोट करतो. त्याने मूठ दाखवली तर स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर बाद), हात पसरले तर बॅट फिरली नाही.

6. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघं धावतात तेव्हा काय ओरडायचं?

"माझा! माझा! माझा!" तीनदा, पोटातून. आणि चेंडू वर जात असताना नाही; तो सर्वांत उंच पोचून खाली वळला की. वर जाणारा चेंडू वाऱ्याने कुठे जाईल सांगता येत नाही, समुद्राकडून वारा आला की तर नाहीच.

"तुझा" हा शब्द मात्र आमच्या संघात बंद आहे. लांबून, वाऱ्यात, "माझा" आणि "तुझा" यांतला फक्त "झा" पोचतो. दोघी "तुझा" ओरडल्या की दोघींना "माझा" ऐकू येतं आणि चेंडू दोघींच्या मध्ये गवतावर पडतो. एकदा नाही, एका मोसमात चार वेळा झालं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आता बाकीच्यांनी घेणाऱ्याचं नाव घेऊन "घे!" म्हणायचं. नाव दुसऱ्या कुणाला लागू होत नाही. ही "घे" म्हणजे पिचरच्या मान डोलावण्यासारखीच आहे: तुझी हाक पोचली, आम्ही बाजूला झालो.

हाक दोघांनी दिली तर? आउटफिल्डरचा (बेसांपलीकडे लांब उभ्या असलेल्याचा) हक्क इनफिल्डरच्या (बेसांजवळच्याच्या) आधी, कारण तो पुढे धावत येतो आणि चेंडू त्याच्या समोर असतो. आउटफिल्डमध्ये सेंटर फिल्डरचा शब्द शेवटचा. इनफिल्डमध्ये शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूचा). पिचरने सहसा सगळ्यांना वाट द्यायची.

मी हे इतकं लावून का धरते, त्याला कारण आहे. आझाद मैदानावर एकाच वेळी कितीतरी क्रिकेट सामने चालतात, एकाचा सीमारेषेवरचा माणूस दुसऱ्याच्या स्लिपपाशी उभा असतो. सतरा वर्षांची असताना तिथे मी एका फाउल चेंडूखाली मास्क काढून धावत होते. "सोड, सोड!" असं स्पष्ट ऐकलं आणि जागच्या जागी थांबले. आवाज शेजारच्या क्रिकेट सामन्यातला होता. आमची फर्स्ट बेसवरची मुलगी मी घेणार म्हणून वळली होती, माझ्या थांबण्याने ती थेट माझ्यावर आली. ओठाला तीन टाके पडले. त्या दिवसापासून नावाशिवाय हाक नाही.

7. संघात मराठी, गुजराती, तमिळ, उत्तर भारतीय अशी सगळी मुलं आहेत. हाक कोणत्या भाषेत द्यायची?

कोणत्याही, पण सगळ्यांना तीच. 1962 सालच्या न्यूयॉर्क मेट्स संघाचा एक किस्सा बेसबॉलमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितला जातो. सेंटर फिल्डर रिची अ‍ॅशबर्न इंग्रजी बोलणारा, शॉर्टस्टॉप एलिओ चाकोन व्हेनेझुएलाचा, स्पॅनिश बोलणारा. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून अ‍ॅशबर्न "मी घेतो" हे स्पॅनिशमध्ये शिकला: "यो ला तेन्गो!" सामन्यात चेंडू उडाला, तो ओरडला, चाकोन शहाण्यासारखा थांबला. आणि लेफ्ट फिल्डर फ्रँक थॉमस, ज्याला हे शब्द कुणी सांगितलेच नव्हते, तो येऊन अ‍ॅशबर्नवर आदळला.

आमच्याकडे "माझा", "घे" आणि "सोड" हे तीनच शब्द आहेत. मोसमाच्या मध्यात नवं मूल आलं की पहिल्या दिवशी बॅट हातात देण्याआधी हे तीन शब्द त्याच्याकडून ओरडून घेते.

8. चेंडू अडवल्यावर तो कुठे फेकायचा हे कोण सांगतं?

कॅचर. संपूर्ण मैदान समोर दिसणारा तो एकटाच. आउटफिल्डमधून आलेला चेंडू मध्ये अडवायचा की पुढे जाऊ द्यायचा, अडवला तर कोणत्या बेसला वळवायचा, हे तो आकड्यांनी ओरडतो: एक, दोन, तीन. होम प्लेटसाठी आम्ही "होम" न म्हणता "चार" म्हणतो. "दोन" आणि "होम" यांत लांबून फक्त "ओ" ऐकू येतो. एकाचा अर्थ मैदानाच्या मध्यात, दुसऱ्याचा थेट माझ्या हातात. "चार" कशातच मिसळत नाही.

किती आउट झाले हे सगळे एकमेकांना बोटांनी दाखवत राहतात. दोन आउटसाठी तर्जनी आणि करंगळी वर करतात, कारण शेजारशेजारची दोन बोटं लांबून एकच वाटतात.

9. थर्ड बेसजवळचा कोच टोपी, नाक, पट्टा चाचपत असतो. त्याचा अर्थ काय?

बहुतेक स्पर्शांचा अर्थ काहीच नसतो आणि तेच त्याचं मर्म आहे. त्या गर्दीत एक स्पर्श "किल्ली" असतो. समजा किल्ली पट्टा आहे. कोचने टोपी, नाक, पट्टा, दंड, छाती असा हात फिरवला तर पट्ट्यानंतरचा पहिला स्पर्श खरा, म्हणजे दंड. दंड म्हणजे बंट असं ठरलं असेल तर बॅटरने चेंडू हलकेच थोपवायचा. पट्ट्याला हातच लागला नाही तर बाकी सगळी नुसती हालचाल. शेवटी छातीवरून तळहात पुसल्यासारखा फिरवला तर सांगितलेलं सगळं रद्द.

मुलं विचारतात, फक्त बंट असेल तेव्हाच हात हलवला तर? मग विरुद्ध संघाला हात हललेला दिसला की बंट कळला. म्हणून काही सांगायचं नसतानाही कोच तितक्याच मन लावून हात फिरवतो. आणि मुलांना सांगते: खूण मिळाली तरी शेवटपर्यंत बघत राहा. पट्ट्यानंतर दंड दिसताच नजर वळवणारा बॅटर कोचपेक्षा जास्त बोलून जातो.

धावत्या रनरसाठीच्या खुणा उघड असतात, त्या लपवायला वेळच नसतो. हात रहाटासारखा फिरला की थेट पुढे जा; दोन्ही तळवे समोर धरले की थांब; तळवे जमिनीकडे दाबले की घसर.

10. कोचची खूण कळलीच नाही तर मुलाने अंदाजाने खेळावं का?

अजिबात नाही. अंपायरकडून वेळ मागावा आणि पुन्हा विचारावं. दोन्ही मुठी एकमेकींभोवती गोल फिरवल्या की "परत दाखवा" असा अर्थ होतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हिट-अँड-रन या डावपेचात पहिल्या बेसवरचा रनर पळत सुटतो कारण बॅटर मारणार हे त्याला ठाऊक असतं. बॅटरला खूण कळली नसेल तर तो रनर फुकट बळी जातो. कळली असेल तर हेल्मेटला बोट लावणं किंवा असंच ठरलेलं काही करून पोच द्यावी. ती पोचही रोज बदलावी.

11. सेकंड बेसवर रनर असला की कॅचर एकापाठोपाठ चार-पाच खुणा का करतो?

तिथून रनरला कॅचरची बोटं पिचरइतकीच स्वच्छ दिसतात. म्हणून एकाऐवजी मालिका दाखवायची आणि त्यातली कितवी खरी हे आधी ठरवायचं. एक सोपी पद्धत म्हणजे "आउट अधिक एक". एक आउट झाला असेल तर दुसरी खूण खरी. कॅचरने तीन, एक, दोन, चार दाखवलं तर फास्टबॉल. दोन आउट असतील तर त्याच मालिकेत तिसरी खरी, म्हणजे कर्व्ह. दहा वर्षांची मुलंही हे दोन दिवसांत आत्मसात करतात.

याच वेळी सेकंड बेसमन आणि शॉर्टस्टॉप तोंडापुढे ग्लव्ह धरून एकमेकांकडे बघतात. रनर पळाला तर बेसवर कोण जाणार हे ते ठरवत असतात. बऱ्याच संघांत मिटलेलं तोंड म्हणजे "मी", उघडं म्हणजे "तू". ग्लव्ह त्यासाठी.

12. विरुद्ध संघाच्या खुणा ओळखणं म्हणजे फसवणूक का?

मैदानावर उभं राहून, स्वतःच्या डोळ्यांनी ओळखल्या तर नाही. तो खेळाचा भाग आहे, आपण खुणा बदलाव्यात हेच त्याचं उत्तर. यंत्र मध्ये आलं की फसवणूक. 2017 मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोस संघाने सेंटर फिल्डच्या कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा पाहिल्या आणि वळणारा किंवा मंद चेंडू येणार असला की डगआउटजवळचा (खेळाडूंच्या बसायच्या जागेजवळचा) कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवलं. त्या वर्षी ते जगज्जेते झाले. जानेवारी 2020 मध्ये त्यांना 50 लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. त्या विजेतेपदाबद्दल मला आजही आदर वाटत नाही.

हे जुनं दुखणं आहे. 1951 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने सेंटर फिल्डमधल्या खोलीत दुर्बीण लावली होती, ती गोष्ट 2001 मध्ये तपशीलवार उजेडात आली. तेव्हा पालकांपैकी कुणी कॅचरच्या मागून मोबाइलवर व्हिडिओ घेत असेल तर सामना संपेपर्यंत तो कुणाला दाखवू नये, आपल्या मुलालाही नाही.

13. आता खुणांची जागा यंत्राने घेतली म्हणे. आपणही ब्लूटूथ वापरू या का?

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 2022 पासून पिचकॉम नावाचं यंत्र वापरायला परवानगी आहे. कॅचर मनगटावरचं किंवा गुडघ्याजवळचं बटण दाबतो आणि पिचरला टोपीत बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून चेंडूचं नाव ऐकू येतं. आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो, त्यामुळे भाषेची अडचण नाही. 2023 मध्ये दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ आलं, बेस रिकामे असताना 15 सेकंद, आणि मग झटपट सांगण्यासाठी यंत्र आणखी सोयीचं झालं. पिचरजवळ जाऊन बोलण्याच्या फेऱ्याही तिथे मोजून मिळतात, 2024 पासून नऊ इनिंगला चार.

आपल्या सामन्यांत आयोजकांनी परवानगी दिली नसेल तर कानात काहीही घालून खेळू नका. आणि तिथेही यंत्र बिघडलं की बोटंच उपयोगी पडतात.

14. विरुद्ध संघाचा रनर "माझा!" ओरडला आणि आमच्या मुलीने झेल सोडला. ही दाद मागण्याजोगी गोष्ट आहे का?

वेगवेगळ्या स्तरांवरचे नियम यात वेगळे आहेत, म्हणून स्पर्धेची नियमावली आधी वाचा. मेजर लीगमध्ये 2007 साली यांकीज संघाच्या अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जने टोरंटोविरुद्ध धावताना आवाज काढला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आपल्याच साथीदाराची हाक समजून बाजूला झाला आणि चेंडू पडला. अंपायरने काही केलं नाही, टीका मात्र खूप झाली. उलट, पिचरकडून बॉक (रनर बेसवर असताना फेकण्याच्या हालचालीतली नियमबाह्य चूक) व्हावा म्हणून चेंडू खेळात असताना "टाइम" असं ओरडायला नियमानेच मनाई आहे. बॅटरच्या नजरेसमोर उभं राहून खिलाडूवृत्तीला सोडून त्याचं लक्ष उडवायलाही मनाई आहे. 1950 मध्ये एडी स्टँकी हा सेकंड बेसमन बॅटरच्या नजरेच्या रेषेत हात हलवत उभा राहू लागला आणि ते थांबवावं लागलं. आमचा उपाय प्रश्न 6 मधलाच: नाव नसलेली हाक आमच्यासाठी हाकच नाही.

15. माझ्या मुलाला ऐकू येत नाही. त्याला हा खेळ जमेल का?

जमेल. विल्यम हॉय यांना लहानपणीच्या आजारात ऐकू येईनासं झालं आणि तरीही ते 1888 ते 1902 मेजर लीगमध्ये सेंटर फिल्डर म्हणून खेळले. 19 जून 1889 रोजी त्यांनी एकाच सामन्यात आउटफिल्डमधून फेकून तीन रनर होम प्लेटवर बाद केले. स्ट्राइक की बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरून गेलेला चेंडू) हे त्यांना थर्ड बेसवरचा कोच हाताने सांगत असे. अंपायरच्या हातवाऱ्यांची सुरुवात त्यांच्यामुळे झाली असं अनेक जण मानतात, काही जण बिल क्लेम या अंपायरला श्रेय देतात. अभ्यासकांत यावर एकमत नाही.

मला त्यांच्या एका सहकाऱ्याने सांगितलेली आठवण जास्त मोलाची वाटते. उंच चेंडू घेताना हॉय एक बारीक चिरका आवाज काढत. त्यांना दुसऱ्याची हाक ऐकू येत नसे, म्हणून तो आवाज आला की बाकीच्यांनी थांबायचं, एवढं ठरलेलं होतं. म्हणजे जुळवून संघाने घेतलं. तुमच्या मुलाला घेऊन या. त्याच्या आजूबाजूच्या आठ जणांना काय शिकवायचं ते मी बघते.

16. मुलगा चुकताना दिसतो तेव्हा बाहेरून ओरडलं तर काय बिघडतं?

मूल आईबाबांचा आवाज हजारांत ओळखतं. तिसऱ्या बेसवर कोचचे तळवे "थांब" सांगत असतात आणि कट्ट्यावरून "पळ रे!" येतं. ते पळतं, बाद होतं आणि मग कोणाकडे बघावं हे त्याला कळत नाही. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या. "पळ", "थांब", "फेक" हे तीन शब्द मात्र आम्हाला ठेवा.

17. पावसाळ्यात मैदान मिळत नाही. खुणांचा सराव घरी कसा करायचा?

खुणांना मैदान लागतच नाही. आरशासमोर पाच स्पर्शांची मालिका करा, घरातल्या कुणाला तरी किल्ली सांगून ओळखायला लावा. हाकांचा सराव इमारतीच्या पार्किंगमध्ये करू नका. तिथे आवाज घुमतो, सगळंच ऐकू येतं आणि फुकटचा विश्वास वाढतो.

आमच्या दोन मुलींनी स्वतःच एक पद्धत काढली आहे. सरावानंतर दोघी माटुंगा रोडला येतात. एक चर्चगेटकडे जाते, दुसरी विरारकडे, म्हणून समोरासमोरच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहतात. मध्ये रूळ, उद्घोषणा, माणसांची ये-जा. एक मालिका करते: टोपी, कान, पट्टा, मनगट. दुसरीने गाडी आड येण्याआधी ओळखायचं आणि केसांना हात लावून पोच द्यायची. परवा मी पुलावरून पाहत होते. पहिलीची मालिका पूर्ण झाली आणि गाडी मध्ये शिरली. गाडी गेली तेव्हा दुसरी प्लॅटफॉर्मवर तशीच उभी होती. तिने तिची गाडी सोडली होती आणि दोन्ही मुठी गोल फिरवत होती: परत दाखव.